अनशापोटीचा आवाज

डिझेल इंजिनात काही बिघडलंय हे आवाजावरून ओळखायचं, तर आधी धडधाकट डिझेल इंजिनाचा आवाज पाठ असावा लागतो. आणि अडचण अशी की तोही बिघडल्यासारखाच असतो. पेट्रोल गाडीचं बरं. ती एरवी शांत असते, त्यामुळे जरा कुठे खट्ट झालं की कान टवकारतात. जुन्या डिझेल जीपचं सगळं आयुष्यच खडखडाटात जातं. तिच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा वीस-बावीस पटीने दाबायची, त्या दाबानेच ती तापते, आणि मग तिच्यात डिझेलचा बारीक फवारा सोडायचा. डिझेल लगेच पेटत नाही. निमिषाच्या एखाद्या तुकड्यापुरतं ते विचारात पडतं, तेवढ्यात मागून आणखी थोडं येऊन मिळतं, आणि मग जमलेलं सगळं एकदम पेट घेतं. तो जो ठोका, तोच डिझेलचा आवाज. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गला आपलं इंजिन चालवून दाखवलं, तेव्हा कमी इंधनात जास्त काम हे एवढंच त्याच्या मनात होतं. आवाजाचं पुढच्यांनी बघून घ्यावं, असा हिशेब असावा. पुढचे म्हणजे आपण. रास्त ठोक्यांच्या या गर्दीतून एखादा गैर ठोका वेचून काढायचा, हे काम कानाचं जेवढं आहे तेवढंच स्वभावाचंही. ज्याला सगळ्याच आवाजांत काहीतरी वावगं ऐकू येतं त्याने जुनी जीप बाळगू नये, आणि ज्याला कशातच ऐकू येत नाही त्याने तर नाहीच नाही.

आमच्या दारात अण्णांची जीप उभी असते. नंबरप्लेटवर अजून एमएच ०६ आहे, म्हणजे पनवेलला स्वतःचा ४६ नंबर मिळण्याआधीचा, पेणच्या आरटीओचा जमाना. महिंद्रांनी १९४७ मध्ये विलिस जीप मुंबईत जुळवायला घेतली, ती पेट्रोलवर चालणारी. डिझेल मागाहून आलं, आणि आमच्या जीपच्या पिढीला ते प्यूजोच्या आराखड्याचं मिळालं. एक्सडीपी ४.९० हे त्या इंजिनाचं नाव. चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, एवढाच त्या आकड्यांचा अर्थ. पण अण्णा ते नाव पूर्ण आणि सावकाश उच्चारायचे, एखाद्या गायकाचं घराणं सांगावं तसं. एकूण २११२ सीसी. पेटण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन. हा क्रम मला पाढ्यांच्या बरोबरीने पाठ करवला गेला होता आणि बे एके बेइतकाच त्याचा उपयोग पुढे आयुष्यात झाला. फोर बाय फोरचा दांडा पावसाळ्यात गाढेश्वराकडच्या चिखलात पडायचा तेवढाच. एरवी त्याच्यावर अण्णांची टोपी अडकवलेली असे. आता पंधरा वर्षं कधीच उलटली आहेत. पर्यावरण कर भरायचा, पाच वर्षांनी गाडी पुन्हा पास करून आणायची, आणि दर वेळी आरटीओच्या आवारात कुणीतरी विचारतं, "विकायची आहे का?" हे विचारताना माणसं जीपकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात.

तर या जीपमध्ये यंदा पावसाळा सरता सरता एक आवाज आला. सकाळी हीटर देऊन, मनात दहापर्यंत आकडे मोजून चावी फिरवली, इंजिन थोडं कुंथून चालू झालं, आणि नेहमीच्या खडखडाटावर एक बारीक, कोरडी, अगदी नेमाने येणारी टकटक ऐकू आली. लाकडी दारावर कुणी परक्या माणसाने बोटाच्या पेराने वाजवावं, तेवढीच. गाडी फाटकाबाहेर काढली, वडाळे तलावाला वळसा घातला, तोवर ती सोबत होती. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून पळस्प्याच्या दिशेने थोडं गेलो आणि लक्षात आलं, की ती थांबली आहे. नेमकी कधी, ते कळलं नाही. दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं म्हणतात. इथे उलट झालं होतं. मुंगीच्या पायाने येऊन ते मुंगीच्याच पायाने गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आलं.

मिस्त्रींचं गॅरेज त्याच रस्त्यावर, थोडं पुढे. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पुढ्यात पिंपळ, आणि बुंध्याला टेकवून ठेवलेले निकामी सायलेन्सर. तिथे पोचेपर्यंत आमची टकटक गप्प झालेली असायची. डॉक्टरच्या पायरीवर दात दुखायचा थांबतो, तो माणूस निदान सांगू तरी शकतो की घरी दुखत होता. गाडीच्या वतीने तेही आपल्यालाच करावं लागतं. मग मी तोंडाने आवाज काढून दाखवला. इथे एक सांगायला हवं, की मोटार गॅरेज ही आपल्या समाजातली फार मोकळी जागा आहे. एरवी सभेत घसा खाकरायलाही संकोचणारी माणसं इथे येऊन काय काय आवाज काढतात! माझ्या पुढे बँकेतले एक अधिकारी होते, इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, ते मिस्त्रींना गंभीरपणे सांगत होते, "घुर्रर्र, खट्. घुर्रर्र, खट्. वळताना मात्र नुसतंच खट्." मिस्त्रींनीही तेवढ्याच गंभीरपणे विचारलं, "खट् की खडट्?" अधिकाऱ्यांनी डोळे मिटले, जिभेवर दोन्ही घोळवून पाहिले आणि म्हणाले, "खडट्." "मग क्रॉस गेला," मिस्त्री म्हणाले. हे सगळं चाललं असताना शेडमधला एकही माणूस हसला नाही.

माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, "टक्. टक्. टक्. टक्."

"टक् की ठक्?"

"टक्."

"बरं आहे. ठक् असतं तर खिशात हात घालायची तयारी ठेव म्हटलं असतं." वरच्या अंगाचा आवाज बारीक असतो आणि खालच्या अंगाचा जड, असा त्यांचा ठोकताळा. टॅपेट, झडपा, नोझल हे सगळे वरचे रहिवासी. कनेक्टिंग बेअरिंग, क्रँक हे तळमजल्यावरचे, आणि तळमजल्यावर काम निघालं की इंजिन उतरवावं लागतं. मिस्त्रींनी बोनेट उघडलं, रेस दिली, सोडली, पुन्हा दिली. इंजिन शहाण्या मुलासारखं वागलं. "काही नाही वाजत," ते म्हणाले. मी पुन्हा टक् टक् करून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, आणि टॅपेट सेट करून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी टकटक होतीच.

यानंतरचे दिवस लोकमताचे. ऐकावे जनाचे करावे मनाचे म्हणतात, पण जन ऐकू लागले की मनाचं काही उरत नाही. शेजारचे निवृत्त मोटरमन गॅलरीत उभे राहूनच म्हणाले, "बेअरिंग." त्यांनी उभं आयुष्य लोकल चालवली आहे, आणि घरातला पंखा जरी कुरकुरला तरी त्यांना बेअरिंगच दिसतं. समोर तबला शिकवणारे गुरुजी राहतात, ते खाली उतरून आले, बोनेटवर बोटं ठेवून थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "लयीत आहे. बेताल असता तर काळजीचं होतं." हे मला तेव्हा नुसतं कौतुकाचं वाटलं, पण ते निदानच होतं, सैल पत्रा किंवा सुटलेला नट मनाला येईल तसा वाजतो, आणि जो आवाज इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला आहे तो इंजिनाच्या पोटातूनच येतो. पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, रेकॉर्ड करून पाठव." तो गाड्यांच्याच धंद्यात आहे. त्याच्याकडून कळलं, की पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय म्हणून जी संस्था १९६६ पासून आहे, तिथे गाड्यांचा आवाज मोजायला अशा खोल्या आहेत की भिंतीवरून आवाज परतच येत नाही. त्याने माझ्या रेकॉर्डिंगचं संगणकावर रंगीत चित्र काढून धाडलं, निळ्यावर पिवळे उभे पट्टे. चित्र सुरेख होतं, पण त्यात कोंबडा आरवल्याचाही एक पट्टा होता आणि तोच सगळ्यांत ठळक होता. आणि आमच्या घरातून मत आलं ते असं: "अहो, त्यात शोधायचं काय? तुमच्यासारखीच आहे ती. उठल्या उठल्या कुरकुरते, चहा पोटात गेला की गप्प." या मताची त्या वेळी कुणी नोंद घेतली नाही.

खरं तर नवल याचं वाटायला हवं, की पनवेलमध्ये राहून एवढी बारीक टकटक ऐकू यावी. या गावाच्या कानांवर फार मारा झाला आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात पत्रे उतरतात, एक्स्प्रेस वेच्या तोंडाशी ट्रक गिअर टाकतात, स्टेशनात मालगाड्या डबे जोडून घेतात. विमानतळासाठी उलव्याकडची टेकडी फोडत होते तेव्हा सुरुंगाचे हादरे बसायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि आता वरूनही आवाज येऊ लागला. पण त्याआधीही हे गाव शांत होतं असं नाही. १८३० साली बोरघाटाचा रस्ता गाड्यांसाठी खुला झाला, आणि मुंबईहून होडीने खाडी ओलांडून पनवेलच्या बंदराला उतरायचं, तिथून गाडी करून पुण्याची वाट धरायची, हा प्रवासाचा शिरस्ता पडला. गाड्या म्हटलं की चाकं आली. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा मोठा धंदा म्हणून बैलगाडीची चाकं बनवण्याची नोंद आहे. रेल्वे आली, मोटारी आल्या, १८५२ ची नगरपालिका जाऊन २०१६ साली महापालिका झाली, आणि चाकं करणारे हात कुठे विरून गेले कोण जाणे. मला वाटतं ते कुठे गेले नसावेत. तुंबा, आरे आणि धाव सांधणाऱ्या त्या माणसांना, गाडी नजरेच्या टप्प्यात यायच्या आधीच, कुठल्या चाकाचा आख कोरडा पडलाय हे करकरण्यावरून कळत असणार, आणि त्या कानांची नातवंडं-पतवंडं आज जुन्या हायवेवर पत्र्याच्या शेडमध्ये बसून "टक् की ठक्" विचारत असणार. याला पुरावा नाही. पण जीपमध्ये एकट्याने बसून आवाज ऐकत राहिलं की असे विचार येतात, आणि ते खोडून काढायला शेजारी कुणी नसतं.

अण्णांची ऐकण्याची तऱ्हा निराळी होती. त्यांना काही शंका आली की ते गाडी मुद्दाम एखाद्या लांब कुंपणभिंतीच्या कडेने, खिडकीची काच खाली करून नेत. इंजिनाचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि बसल्या जागी जे ऐकू येत नाही ते भिंत ऐकवते. खोपोली सोडून घाट चढायला लागलं, आणि डाव्या हाताला कातळ लागला, की गप्पा बंद. आम्हा पोरांना तर श्वास घ्यायचीही चोरी. "बोलतेय, बोलू दे तिला," असं ते म्हणत. जीप काय बोलायची ते मला कधी कळलं नाही; मला फक्त कातळातून गळणाऱ्या पाण्याचा आवाज यायचा. पुढे वय झालं तसे अण्णांचे कान गेले. यंत्र आणलं, ते त्यांनी डब्यात ठेवलं. पण गाडी चालू झाली की ते अंगणात येऊन मडगार्डवर तळहात टेकवून उभे राहत, आणि थोड्या वेळाने मान हलवत, "तिसरा जरा हलका मारतोय." नोझल काढून बघितलं तर तिसराच निघायचा. आम्ही जेवायला हाक मारलेली त्यांना ऐकू येत नसे, हा भाग वेगळा.

निदानाला वळण लागलं ते मात्र एका वैद्यांमुळे. पनवेल हे वैद्यकीचं गाव आहे. धूतपापेश्वरचा औषधांचा कारखाना इथला, १८७२ सालचा. आमच्या ओळखीचे एक वैद्यबुवा आहेत, त्यांच्याकडे मी माझ्या गुडघ्यासाठी गेलो होतो. ते नाडी बघत होते आणि मी जीपचं सांगत होतो. अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं टेकवायची, पहिल्याखाली वात, मधल्याखाली पित्त, तिसऱ्याखाली कफ. वाताची नाडी सापासारखी सरपटते, पित्ताची बेडकासारखी उड्या मारते, कफाची हंसासारखी डुलत चालते. "तुमच्या गाडीची बेडकासारखी दिसते," ते म्हणाले. पुरुषाचा उजवा हात बघतात, बाईचा डावा. जीप स्त्रीलिंगी म्हणून डाव्या बाजूने बघावी का, असं मी विचारलं. यावर ते हसले नाहीत. माझा हात खाली ठेवून त्यांनी विचारलं, "नाश्ता करून आलात ना?"

"हो. पोहे."

"मग मला काय कळणार? पोह्यांची नाडी कळेल. नाडी सकाळी अनशापोटी बघायची असते. उद्या या."

मी तडक गॅरेजला गेलो. मिस्त्री ट्रकखाली होते, फक्त पाय दिसत होते. मी पायांनाच सांगितलं, की आवाज थंड इंजिनाला येतो, गरम झालं की जातो. पाय हलायचे थांबले. "हे आधी का नाही सांगितलंस?" असा आवाज आला, आणि मग, "गाडी संध्याकाळी आणून लाव. रात्रभर इथेच राहू दे. सकाळी मी येईपर्यंत चावीला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी गेलो तेव्हा मिस्त्री शेडमधल्या देवाच्या फोटोला उदबत्ती लावत होते. आधी त्यांनी बोनेटवर हाताची मागची बाजू टेकवली, ताप बघतात तशी. मग भिंतीवरून एक लांब पेचकस काढला, लाकडी मुठीचा, वापरून वापरून काळाभोर झालेला. प्लॅस्टिकच्या मुठीतून आवाज नीट चढत नाही असं त्यांचं म्हणणं. पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टरला १८१६ साली एका बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्याने कागदाची सुरळी करून तिच्यातून ऐकलं, आणि पुढे लाकडाची नळी करवून घेतली. जगातला पहिला स्टेथोस्कोप तो. मिस्त्रींच्या पेचकसाचं कूळ तेच. इंजिन चालू झालं, टकटक सुरू झाली, आणि माझा जीव भांड्यात पडला. आजाऱ्याला पाहुण्यांसमोर एकदाचा खोकला यावा आणि घरच्यांना बरं वाटावं, असला तो आनंद. मिस्त्रींनी पेचकसाचं टोक पाण्याच्या पंपावर टेकवलं आणि मूठ कानाच्या पुढच्या हाडाला लावली. मान हलवली. मग डायनॅमो. तिथे ते क्षणभर थांबले, किंचित हसले, आणि पुढे गेले. डिझेल पंप, टायमिंगचं कव्हर, हेडचं कव्हर. प्रत्येक ठिकाणी तेवढाच वेळ.

मग त्यांनी सतराचा पाना घेतला. नोझलला येणाऱ्या चार नळ्यांचे नट एकेक करून थोडे सैल करायचे; ज्याची नळी सैल होईल तो सिलिंडर उपाशी राहतो आणि इंजिन त्याच्यापुरतं लंगडतं. पहिला सैल केला, इंजिन अडखळलं, टकटक तशीच. घट्ट केला. दुसरा, तिसरा, तेच. चौथ्याचा नट सैल केला मात्र, आणि टकटक वाक्याच्या मध्येच थांबल्यासारखी थांबली. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. चौथा सिलिंडर, सगळ्यात मागचा. पण त्यांनी निकाल दिला नाही. पोराला सायलेन्सरच्या तोंडावर ओल्या चिंधीचा बोळा दाबायला सांगितलं. धुराची वाट अडली तशी टकटक एकदम मोठी झाली, फट् फट् फट्, अगदी निर्लज्जपणे. मिस्त्री फोटोपुढची उदबत्ती काढून घेऊन आले. देवाला काही वाटलं असेल असं वाटत नाही. त्यांनी ती इंजिनाच्या अंगाला, धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या मॅनिफोल्डजवळ धरली आणि पुढून मागे हळूहळू नेली. पहिल्या तीन सिलिंडरांपाशी धुराची रेघ सरळ वर गेली. चौथ्यापाशी ती तुटली. टक् झालं की धुराची रेघ झटका बसल्यासारखी बाजूला उडे, पुन्हा सावरे, पुन्हा उडे. सेकंदाला सहा वेळा, कारण स्लोवर इंजिन मिनिटाला साडेसातशेच्या आसपास फेरे घेतं आणि एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. आम्ही तिघंही वाकून ते बघत होतो. तेवढ्या वेळात बाहेर एसटी येऊन गेली, पण तिचा आवाज कुणाला आला नाही.

कारण साधं होतं. मॅनिफोल्ड धरून ठेवणारा शेवटचा स्टड गंजून तुटला होता. खाडीची खारी हवा आणि आमच्याकडचा पाऊस यांनी ते काम वर्षानुवर्षं, कसलीही घाई न करता केलं होतं. स्टड नाही म्हणून पॅकिंग तिथे सैल, आणि दर वेळी चौथा सिलिंडर धूर सोडी तेव्हा एक फुंकर फटीतून बाहेर निसटे. तीच टकटक. टॅपेटही सिलिंडरमागे दोन फेऱ्यांत एकदाच वाजतात, तीच लय, म्हणून दोन्हींत फसगत होते. आणि इंजिन तापलं की बीड प्रसरण पावतं, फट आपोआप बुजते, म्हणून पळस्प्याच्या रस्त्यावर सगळं शांत. मिस्त्री हे समजावून सांगत असताना मला घरातलं ते चहाचं मत आठवलं. घरी गेल्यावर सांगावं का, याचा मी बराच विचार केला. अजून चालू आहे.

तुटलेल्या स्टडचा तुकडा आत राहिला होता, तो काढणं हे खरं काम. त्यांनी आधी त्याच्यावर थोडं डिझेल सोडून तसंच मुरू दिलं. मग त्या बोटभर जागेत एक नट टेकवून वेल्डिंगने चिकटवला, आणि तो लालसर असतानाच पाना लावून हळूहळू फिरवला. पाव फेरा पुढे, अर्धा मागे. जुन्या लोखंडाला जोर करायचा नसतो, त्याला पटवायचं असतं, असं ते पुटपुटत होते. तुकडा निघाला तो दाढेएवढा होता. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. नवा स्टड बसला, नवं पॅकिंग बसलं, आणि मी पैसे काढायला लागलो तर म्हणाले, "थांब. गरम गाडीवर खात्री होत नाही. आज रात्री पण इथेच राहू दे."

तेव्हा पुन्हा पहाट, पुन्हा उदबत्ती, पुन्हा बोनेटला हात. चावी फिरवली. खडखडाट अगदी स्वच्छ होता, चारही ठोके आपापल्या जागी. मी ऐकत राहिलो. आणि ऐकता ऐकता त्याच्या खालून एक बारीक, अखंड गुणगुण ऐकू आली. आधी वाटलं भास आहे.

"मिस्त्री, हे काय?"

"डायनॅमोचं बेअरिंग."

"आता हे नवीन निघालं?"

"नवीन कसलं! जुनं आहे. टकटकीखाली दबलेलं होतं." त्यांनी पेचकस परत भिंतीवर अडकवला. "अण्णा शेवटचे आले होते ना गाडी घेऊन, तेव्हा त्यांनीच दाखवलं होतं. डायनॅमोला बोट लावून. मी म्हटलं, अण्णा, बदलून टाकू."

"मग?"

"म्हणाले, राहू दे रे, मला कुठे ऐकू येतंय."

मिस्त्रींनी बोनेट पाडलं, फडक्याला हात पुसले. शेडबाहेर एक नवीकोरी गाडी येऊन थांबली होती आणि तिचा मालक उतरता उतरताच तोंडाने काहीतरी "चुईईई" असं करून दाखवत होता.

"तुला येतंय ना ऐकू?" मिस्त्री जाता जाता म्हणाले. "मग आण पुढच्या आठवड्यात. संध्याकाळीच आणून लाव."